गुडघा दुखतोय आणि दुसरे उपचारही करून पाहायचेत? सुरुवात अशी करा

आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, निसर्गोपचार, ॲक्युपंक्चर या सगळ्यांना आपण सरसकट ‘पर्यायी उपचार’ म्हणतो. पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बीपीची गोळी चालू ठेवून गुडघ्याला तेल लावणे हा पूरक उपचार. इन्सुलिन बंद करून कारल्याचा रस पिणे हा पर्यायी उपचार. पहिला ‘सोबत’ असतो, दुसरा ‘ऐवजी’. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग शरीरात दूर पसरलेला नसतानाही ज्या २८१ जणांनी फक्त पर्यायी उपचार निवडले होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला, स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त. म्हणून हा लेख फक्त ‘सोबत’ घ्यायच्या उपचारांबद्दल आहे.

उदाहरण म्हणून पन्नाशी-साठीतली गुडघेदुखी घेऊ. घरोघरी असते, हळूहळू वाढते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. शिवाय अशा माणसाला बहुधा बीपी किंवा साखरेच्या गोळ्याही चालू असतात. घोटाळे नेमके तिथेच होतात.

पायरी १: आधी निदान, मग तेल

गुडघा दुखतो म्हणजे झीजच झाली असे नाही. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर झिजेची शक्यता जास्त. तासभर आखडलेले राहत असेल आणि हाताची बोटेही सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी. आमवाताच्या (रुमेटॉइड) प्रकारात पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर सांधा वाचतो. ते महिने लेप लावण्यात गेले तर झालेली वाकडेपणाची हानी भरून येत नाही. एक्स-रे काढायचा तर उभे राहून काढायला सांगा. झोपून काढलेल्या चित्रात सांध्यावर वजन नसते, त्यामुळे दोन हाडांमधली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

गुडघा लाल आणि गरम झाला आहे, सोबत ताप आहे: त्याच दिवशी रुग्णालय. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखते आहे: मालिश अजिबात नको. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पडल्यावर पाय टेकवत नसेल तर हाडवैद्याकडे जाऊ नका. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या की आत सूज वाढते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि पाय कापायची वेळ आल्याची उदाहरणे अस्थिरोग विभागांना नवी नाहीत.

पायरी २: एका कागदावर सगळी औषधे

या पायरीला खर्च शून्य, आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते. डॉक्टरांना ‘चूर्ण घेतो’ असे सांगायचा संकोच वाटतो, वैद्यांना रक्त पातळ करायच्या गोळीचे नाव आठवत नाही. तेव्हा एकच कागद करा आणि दोघांनाही तोच दाखवा. त्यात गोळ्यांची नावे व मिलिग्रॅम, इसबगोल, सकाळचा काढा, मेथीची पूड, च्यवनप्राश, कोणी परदेशातून आणलेल्या कॅप्सुली, सगळे लिहा. ‘ते काय औषध नाही’ असे वाटते तेही लिहा.

कारण वनस्पतींमध्ये खरोखर ताकद असते. सर्पगंधेचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचा सर्पगंधेचा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि जगभरच्या डॉक्टरांचे त्या मुळीकडे लक्ष गेले. तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पिन नंतर बरीच वर्षे बीपीसाठी दिले जाई. त्याच रिसर्पिनने काही रुग्णांना खोल उदासी येते हेही पुढे कळले. गुण देणारे औषध अवगुणही दाखवू शकते.

नेहमीच्या वापरातल्या, पण ध्यानात ठेवाव्यात अशा जोड्या अशा:

ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ घेतले तर शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्ही बाजूंनी कमी होते. पायात गोळे येणे, गळून जाणे, छातीत धडधड ही त्याची लक्षणे.

कारले, मेथी, गुडमार साखर उतरवायला मदत करतात. मधुमेहाच्या गोळीवर ही भर पडली की साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. नवे चूर्ण सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे घरी साखर जास्त वेळा मोजा.

लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सुली आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी एकत्र आली तर रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतली हळद आणि कॅप्सुलमधला हळदीचा अर्क यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशी पूरके निदान दोन आठवडे आधी बंद करावीत, आणि ती घेत होतो हे भूलतज्ज्ञांना सांगावे.

गुडघ्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गुग्गुळाने प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या औषधांची रक्तातली पातळी कमी होते असे आढळले आहे. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी ती मनाने घेऊ नये. इसबगोल निरुपद्रवी, पण इतर गोळ्या स्वतःत अडकवून ठेवते. दोन तासांचे अंतर ठेवले की प्रश्न मिटतो.

पायरी ३: माणूस तपासा

पाटीवर ‘डॉ.’ आहे एवढ्याने भागत नाही. आयुर्वेदाची पदवी बी.ए.एम.एस., होमिओपॅथीची बी.एच.एम.एस., निसर्गोपचार व योगाची बी.एन.वाय.एस. तिन्ही साडेपाच वर्षांच्या, इंटर्नशिप धरून. महाराष्ट्रात आयुर्वेद आणि युनानीची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर होमिओपॅथीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे असते. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असावा. नसेल तर सरळ विचारा, विचारण्यात अपमान नाही. ‘इलेक्ट्रोहोमिओपॅथी’ ही होमिओपॅथी नव्हे. नावातल्या साम्याने फसू नका.

पहिल्या भेटीत एक गोष्ट ऐकून घ्या: तुमच्या चालू गोळ्यांबद्दल समोरची व्यक्ती काय म्हणते? ‘त्या सगळ्या आजच बंद करा’ असे म्हणाली तर तिथून उठावे. चांगला वैद्य तुमचा कागद वाचतो, नाडी पाहतो, पोट साफ होते का विचारतो आणि जुने रिपोर्टही मागतो. आणखी एक खूण जाहिरातीची. मधुमेह, कर्करोग, लकवा अशा आजारांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या ‘औषधे व जादुई उपाय’ कायद्याने बंदी आहे. तशी पाटी लावणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडत असतो.

पायरी ४: पद्धत निवडताना

गुडघ्याच्या झिजेवर सर्वांत भक्कम पुरावा कशाचा आहे, तर मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आणि वजन कमी करण्याचा. बाकी जे काही निवडाल ते याच्या सोबतीला. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच ते दहा सेकंद धरा, खाली घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे चालू नसेल तर पुढचे उपचार म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणे.

योगात याच व्यायामाला शिस्त मिळते. दुखऱ्या गुडघ्याला वज्रासन, पद्मासन, मालासन नको. भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन उभ्याची आसने करता येतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा जो वापर रुळवला, तो अशाच शरीरांसाठी फार उपयोगी आहे. काचबिंदू असेल तर शीर्षासन वर्ज्य, कारण डोळ्यातला दाब तेवढ्या वेळात जवळपास दुप्पट होतो. बीपी आटोक्यात नसेल तर जोरकस कपालभाती नको. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून खाली वाकू नये, मणका दबतो.

जलनेतीचा गुडघ्याशी संबंध नाही, पण योगवर्गात ती हमखास शिकवतात म्हणून इथेच सांगतो. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमिबामुळे मृत्यू झाला. तेच पाणी प्यायले तर हा अमिबा बाधत नाही, नाकातून वर गेला की घात करतो. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला. मीठ कमी पडले की नाकात झोंबते, जास्त झाले की जळजळते.

जानुबस्ती हा गुडघ्यावरचा आयुर्वेदातला स्थानिक उपचार. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक भिजवून गुडघ्याभोवती पाळे करतात, त्यात कोमट औषधी तेल भरतात आणि सुमारे अर्धा तास ठेवतात. तेल निवले की कापसाने टिपून काढून पुन्हा कोमट तेल घालतात. असे सात ते चौदा दिवस. दुखणे आणि आखडणे काही काळ हलके होते, झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) मात्र परत येत नाही. बिघडते ते असे: कणीक सैल झाली की तेल कडेने झिरपते, तेल थेट गॅसवर तापवले की अंदाज चुकतो आणि कातडी भाजते. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावी, आणि मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाच्या शब्दावर कधीच अवलंबून राहू नये. तेल आधी दुसऱ्या कुणीतरी मनगटावर तपासून पाहावे. जखम, नायटा, सुजलेला गरम सांधा असेल तर हा उपचार नाही.

पूर्ण पंचकर्म वेगळे. वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणे) यांच्या आधी स्नेहपान (तूप-तेल पिणे) आणि स्वेदन (घाम काढणे) असते, नंतर पेज, मग जरा दाट पेज, मग कढण असा चढता आहार असतो. वीकेंडच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांत होणारे ‘पंचकर्म’ म्हणजे तेल-मालिश. तेही छान असते, पण त्याला मालिशच म्हणावे. वमन-विरेचनात शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर जातात. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, अशक्त वृद्धत्व यांत ते धोक्याचे आहे.

ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. भारतात ही विद्या रुजवणारे डॉ. विजय बसू हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे १९३८ च्या चीनमधील वैद्यकीय पथकातले सहकारी होते. गुडघेदुखीत याचा थोडा फायदा दिसतो, पण खोट्या सुयांशी (नुसते टोचल्यासारखे भासवण्याशी) तुलना केली की तो बराच लहान उरतो. सुया सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. उपाशी जाऊ नका, आडवे होऊनच टोचून घ्या, नाहीतर घेरी येते. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नका. वॉरफरिन चालू असेल तर आधीच सांगा.

होमिओपॅथीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ३० सी या पोटेन्सीचा अर्थ मूळ द्रव्य शंभरात एक या प्रमाणात तीसदा पातळ केले, म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पट. साधारण बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत जाते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. डॉक्टर तासभर शांतपणे ऐकून घेतात, त्याने बरे वाटते, आणि ते खोटे नसते. पण आमचे मत विचाराल तर गुडघ्यासाठीचे पैसे फिजिओथेरपीवर खर्च करावेत. मदर टिंक्चरचा प्रकार मात्र वेगळा: त्यात मूळ वनस्पतीचा अर्क आणि मद्यार्क दोन्ही असतात, तेव्हा पायरी २ चा कागद तिथेही लागू.

निसर्गोपचारातली मातीची थंड पट्टी किंवा पाण्याचे शेक सुखद आणि सुरक्षित असतात. पुण्यात ताडीवाला रोडवर बापू भवनात राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा आश्रमही चालू आहे. धोका असतो तो उपवासाचा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन रसाहारावर राहिलात तर साखर कोसळते. डोस आधी तुमच्या डॉक्टरांकडून बदलून घ्या.

पायरी ५: औषध विकत घेताना लेबल वाचा

आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख हवी. बिनलेबलच्या पुड्या, खुल्या डबीतल्या गोळ्या घेऊ नका. नावातला एखादा शब्दही महत्त्वाचा असतो. योगराज गुग्गुळ वनस्पतींचा आहे. महायोगराज गुग्गुळात नाग म्हणजे शिसे, वंग म्हणजे कथील, रससिंदूर अशी भस्मे व पाऱ्याचे कल्प पडतात. दुकानात दोन्ही शेजारी असतात. भस्मयुक्त औषध वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. इंटरनेटवर मिळणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांच्या २००८ मधल्या अमेरिकन तपासणीत सुमारे पाचात एका औषधात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. गर्भवती आणि लहान मुले यांना अशी औषधे नकोतच. आसव-अरिष्टांत (आंबवून केलेल्या पातळ औषधांत) मद्यार्क आणि गूळ असतो, हे मधुमेहींनी आणि दारू सोडलेल्यांनी लक्षात ठेवावे.

गुडघ्याला दोन दिवसांत जादू करणाऱ्या पांढऱ्या पुडीपासून सावध. भूक अचानक वाढली, चेहरा गोल व सुजलेला दिसू लागला, साखर चढली, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी. ती एकदम थांबवणेही धोक्याचे, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावलेले असते. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा.

घरी काढा करायचा असेल तर

गुडघ्यासाठी रास्नासप्तक काढा बऱ्याचदा लिहून देतात. रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ, पुनर्नवा, वर सुंठ. काष्ठौषधीच्या दुकानात ‘भरड द्या’ म्हणून सांगा, वस्त्रगाळ चूर्ण नको. बारीक पूड तळाला बसते, करपते आणि गाळता येत नाही. प्रमाण सोळा पटीचे: दहा ग्रॅम भरड, १६० मिलिलिटर पाणी, स्टीलचे भांडे, झाकण न ठेवता मंद आच, ४० मिलिलिटर उरेपर्यंत. गाळून कोमट प्यायचा. मोठ्या आचेवर पाणी लवकर आटते पण अर्क उतरत नाही. आठवड्याचा काढा एकदम करून ठेवू नका, तो आंबतो. रोज ताजा करा.

पोट ढिले झाले तर घाबरू नका, बहावा सौम्य रेचक आहे. पण दिवसाला तीनचारदा जावे लागत असेल तर थांबवून वैद्यांना विचारा. गुळवेलीबद्दल जास्त काळजी घ्या. २०२० च्या शेवटी मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर, दिसायला सारखी दुसरी जात वापरली गेली असावी असा आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीचा आजार आहे त्यांनी गुळवेल टाळावी, आणि कुंपणावरची वेल अंदाजाने तोडून आणू नये. भेसळ नेहमी मुद्दामच होते असेही नाही. अशोकाची साल मागितली तर सीता-अशोकाऐवजी रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाची साल मिळणे हा जुना घोळ आहे.

पायरी ६: वही ठेवा, एका वेळी एकच बदल

दुखणे सर्वांत जास्त असते तेव्हाच माणूस नवा उपचार सुरू करतो. झिजेचे दुखणे मुळातच भरती-ओहोटीसारखे असते, म्हणून काहीच केले नसते तरी पुढच्या दोन आठवड्यांत ते थोडे उतरले असते. मग श्रेय जाते त्या आठवड्यात लावलेल्या तेलाला. हा गोंधळ टाळायचा तर सुरुवात करण्याआधीचा एक आठवडा नुसते मोजा. रोज रात्री शून्य ते दहामध्ये दुखणे किती ते लिहा. आठवड्यातून एकदा हात छातीशी घडी करून, हात नसलेल्या खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. वेदनाशामक गोळ्या किती लागल्या तेही लिहा.

मग एकच उपचार सुरू करा आणि सहा ते आठ आठवडे द्या. तेल, काढा, सुया एकदम सुरू केल्या तर गुण आला तरी कशाने ते कळत नाही आणि पुरळ उठले तरी कशाने ते कळत नाही. मुदत संपल्यावर दुखणे दहापैकी निदान दोनने उतरलेले नसेल आणि खुर्चीची संख्याही तीच असेल, तर तो उपचार तुमच्यासाठी नाही. ‘आधी त्रास वाढतो, मग बरे होते’ हे वाक्य ऐकले की मुदत वाढवून देऊ नका.

खर्चाचे एक काम याच वेळी उरका. विमा नियामकाच्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान द्यायचे आहे. त्यासाठी साधारणपणे मान्यताप्राप्त आयुष रुग्णालयात दाखल व्हावे लागते. दवाखान्यात जाऊन घेतलेली जानुबस्ती किंवा आरोग्यवर्धनासाठीचे पंचकर्म त्यात सहसा बसत नाही. पॉलिसीतली अट दाखल होण्याआधी वाचा.

पायरी ७: कधी थांबायचे आणि मग काय करायचे

लघवी गडद, डोळे पिवळसर, अन्नावरची वासना उडाली, अंगाला खाज सुटली: सर्व काढे-चूर्णे त्याच दिवशी बंद आणि यकृताची रक्ततपासणी. कावीळ दिसली म्हणून नाकात देवडांगरी या कडू रानवेलीच्या फळाचे थेंब घालायला जाऊ नका. नाकातून वाहणारे पिवळे पाणी म्हणजे कावीळ नव्हे, ती नाकाच्या आतल्या त्वचेची आग असते. पाय सुजणे, लघवी कमी होणे, काळी शौचास होणे, श्वास लागणे यांतही थांबा आणि दाखवा.

डॉक्टरकडे जाताना उरलेली डबी, बिल आणि वही बरोबर न्या. डबी फेकू नका, बॅच क्रमांक त्यावरच असतो. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी आयुष मंत्रालयाची औषध-दक्षता यंत्रणा आहे, आणि आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्याची केंद्रे आहेत. भेसळीचा किंवा फसव्या लेबलचा संशय असेल तर तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. तिथे अर्जासोबत बिलाची प्रत, डबीचा फोटो आणि शिल्लक औषध द्या. शिल्लक सगळे देऊन टाकू नका, थोडे सीलबंद करून घरी ठेवा.